गाडी येते

“वढू नका, बाई. वढलं की तुटतंय.”

हमीदभाई शिकलगार काळा चष्मा लावून आमच्या अंगणात लोखंडी खुर्चीवर बसले होते आणि मी कमरेपर्यंत मोटारीच्या बॉनेटखाली वाकले होते. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळे, नाकाच्या शेंड्यावर घाम आणि तो पुसायला एकही बोट स्वच्छ नाही. मी ओढायचं थांबवलं आणि मग काय करू, म्हणून विचारलं.

“फिरवायचं. एवढंसं डावीकडं, एवढंसं उजवीकडं. न्हाई हाललं तर सोडून द्यायचं, च्या प्यायचा आन् उद्या बगायचं.”

उद्या, उद्या करत चार दिवस गेले होते आणि माझ्याकडे उद्या फार उरले नव्हते.

ही १९९१ सालची गोष्ट. मी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होते आणि विट्यात एका हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत होते. परीक्षा संपता संपता संस्थेचं पत्र आलं की धोंडगावच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून मला नेमायचं ठरतंय, सहा मेपर्यंत होकार कळवावा, रुजू जूनमध्ये व्हावं. धोंडगाव विट्यापासून चौदा किलोमीटर. सकाळी सहाला एक एसटी जायची आणि दुसरी दुपारी एकला. शाळा अकराची. सहाच्या गाडीनं जाऊन चार तास कुलूपबंद शाळेच्या पायरीवर बसायचं, नाहीतर मधली सुट्टी संपताना पोचायचं. लूना होती माझ्याकडे, पण वाटेत एक चढ असा होता की तिथं लूना मला नेत नसे, मी लूनाला न्यायचे. मुलगी त्या वर्षी बारावीला जाणार होती, तिच्या शिकवण्या विट्यात, त्यामुळे धोंडगावला बिऱ्हाड हलवण्याचा प्रश्न नव्हता.

राहिली मोटार.

मोटार आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये सहा वर्षं उभी होती. ह्यांचे मामा कऱ्हाडला डॉक्टर होते. त्यांनी जाताना आपली जुनी फियाट ह्यांच्या नावे करून ठेवली. छप्पन्न सालची. तिला सगळे डुक्कर फियाट म्हणायचे, आणि पुढून पाहिलं की नाव का पडलं ते विचारावं लागायचं नाही. मामांच्या ड्रायव्हरनं ती आणून शेडमध्ये लावली, किल्ली दिली आणि नमस्कार करून गेला. पंधराएक दिवस हे रोज तिला पुसत होते. मग एका रविवारी सुरू होईना. एक मेकॅनिक आला, त्यानं सांगितलं की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललंय, ते नीट करायचं तर डिस्ट्रिब्यूटर फिरवावा लागतो आणि हा तर जागच्या जागी घट्ट धरलाय. दोन हातोड्या मारून बघितल्या, मोडेल म्हणाला आणि गेला. तेव्हापासून कोणीही मोटारीबद्दल विचारलं की ह्यांचं उत्तर ठरलेलं. डिस्ट्रिब्यूटर जाम आहे.

हे म्हणजे मनोहर तारळेकर. बाजारपेठेत तारळेकर मेडिकल आमचं. गावात सगळे अण्णा म्हणतात. इतका नीटनेटका माणूस मी दुसरा पाहिला नाही. घरातल्या जिऱ्या-मोहरीच्या डब्यांवरसुद्धा नावाच्या चिठ्ठ्या आणि भरल्याची तारीख. मी लग्नानंतर बी. एड. केलं त्या वर्षी पहाटेचा स्वयंपाक ह्यांनी केला होता, आणि तेही आमच्या गल्लीत, जिथं पुरुषानं अंगणात सडा घातला तरी चर्चा व्हायची. म्हणून मी गृहीत धरलं होतं की मोटार सुरू झाली की हे मला सकाळी धोंडगावला सोडतील, परत येऊन दुकान बघतील आणि संध्याकाळी मी सहाच्या एसटीनं येईन. मोटार चालवता येते ही गोष्ट तर लग्न ठरतानाच आमच्या घरी कळली होती. माझ्या मामानं आत येऊन सगळ्यांना सांगितलं होतं, मुलाला मोटार येते म्हणून. त्या काळी आमच्या नात्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती.

हमीदभाई पस्तीस वर्षं मेकॅनिक होते. मधली काही वर्षं मुलाकडे सोलापूरला राहिले, आणि त्याच महिन्यात परत आले होते ते मिरजेला डोळ्याचं ऑपरेशन करून. डॉक्टरांनी बजावलेलं, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही. मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते म्हणाले की बाई, माझं डोकं चालतंय, पण मान वाकत न्हाई. मी म्हटलं, मान माझी वापरा.

पहिल्या दिवशी त्यांनी मला ते यंत्र समजावलं. इंजिनाच्या कुशीत काळी गोल टोपी, तिच्यातून बाहेर पडलेल्या जाड वायरी. ते म्हणाले, “ह्यो वाढपी हाय. चार पानं मांडलीत, म्हंजे चार प्लग. ह्यो गरागरा फिरतोय आन् एकेका पानावर ठिणगी वाढतोय. येळेवर वाढलं तर पंगत उठती, न्हाईतर नुसता गोंधळ.” टोपी काढली की आत बोटाच्या पेराएवढा एक काळा तुकडा दिसला, त्याला रोटर म्हणतात. तो वाढप्याचा हात.

आता काढण्याआधी वाढपी एक नंबरच्या पानासमोर उभा करायचा आणि खूण करून ठेवायची, म्हणजे परत बसवताना तो तसाच बसला पाहिजे. त्यासाठी मोटार वरच्या गिअरमध्ये टाकून बोटबोट पुढे ढकलायची. ढकलायला हे आले. शर्टाच्या बाह्या दुमडून, तोंडातून ब्र न काढता ढकलत राहिले. रोटर बरोबर समोर आला तसं मी थांबा म्हटलं, आणि लेकीच्या नेलपेंटची बाटली आणून रोटरवर, डिस्ट्रिब्यूटरवर आणि खाली इंजिनावर समोरासमोर लाल रेघा ओढल्या. वायरींना औषधाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, एक ते चार. त्यासुद्धा ह्यांनीच दुकानातून आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी मी इंजेक्शनची सिरिंज मागितली, सांध्यात रॉकेल आणि ऑइल सोडायला. तीही दिली, वर सुई कशी तिरकी धरायची म्हणजे थेंब बरोबर फटीत उतरतो तेही दाखवलं.

पण त्याच रात्री जेवताना म्हणाले की धोंडगावला उन्हाळ्यात पाण्याचे फार हाल असतात. तिसऱ्या दिवशी म्हणाले, तिथं आधीचे हेडमास्तर दोन वर्षंच टिकले. चौथ्या दिवशी, मी हात घासत मोरीत उभी होते तेव्हा, पुढच्या वर्षी विट्यातच जागा निघेल असं ऐकल्याचं म्हणाले. मी विचारलं कुणाकडून ऐकलं, तर कोणीतरी दुकानात बोललं होतं. कोण ते आठवत नव्हतं. ज्या माणसाला दहा वर्षांपूर्वी कुणाला कुठलं मलम दिलं ते आठवतं, त्याला हे आठवत नव्हतं.

मी हात पुसून स्वयंपाकाला लागले. पण त्या दिवसापासून मला वाटायला लागलं की ह्यांना मी जायला नकोय. इतकी वर्षं पाठीशी उभा राहिलेला माणूस. कदाचित शिक्षिका बायको चालते आणि मुख्याध्यापिका चालत नाही. असं पाहिलं होतं मी, चांगल्या चांगल्या घरांत. मग मी डिस्ट्रिब्यूटर आणखी नेटानं फिरवायला लागले.

सातव्या दिवशी तो हलला. आधी हमीदभाईंनी मला गरम पाण्यात बुडवलेली फडकी त्याच्या मुळाशी गुंडाळायला लावली, मग ह्यांचा जुना चामडी पट्टा त्याच्या कमरेला वेढून दोन्ही टोकं ओढायला सांगितली. मी डावीकडे ओढलं, काही नाही. उजवीकडे ओढलं आणि हाताला काहीतरी जाणवलं. दिसलं नाही, जाणवलं फक्त. लाल रेघ पाहिली तर केसभर सरकली होती. मी हमीदभाईंकडे वळून बघितलं. ते चष्म्याआडून हसत होते, त्यांना आवाजावरूनच कळलं होतं.

“आता घाई करू नगा. रुसलेलं माणूस बोलाया लागलंय. बोलू द्या.”

मग तासभर डावीकडे, उजवीकडे, थेंब ऑइल, पुन्हा डावीकडे. केसाची दोरी झाली, दोरीचं बोट झालं. तो गोल फिरायला लागला आणि शेवटी मी दोन्ही हातांनी वर उचलला तेव्हा बरणीचं घट्ट झाकण निघतं तसा आवाज होऊन तो माझ्या हातात आला. केवढासा होता. सहा वर्षं ज्यानं अख्खी मोटार अडवून ठेवली तो वीतभर सुद्धा नव्हता. मी अंगणात नाचले असते, पण समोरच्या सोनारीणबाई गॅलरीत होत्या.

दुपारी हे जेवायला आले. मी वर्तमानपत्रावर सगळं मांडून ठेवलं होतं आणि स्क्रू, रोटर असलं बारीक सामान एका स्टीलच्या वाटीत. ह्यांनी डिस्ट्रिब्यूटरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“निघाला?” ते म्हणाले.

“निघाला.”

“छान,” ते म्हणाले आणि हात धुवायला गेले. त्या दिवशी ते आमटी घ्यायची विसरले, कोरडाच भात खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी चार तारीख, शनिवार. सकाळी मी लाल रेघ सांभाळून डिस्ट्रिब्यूटर पॉलिशपेपरनं घासून लख्ख केला, खाली नवं पॅकिंग घातलं, ग्रीस लावलं. हमीदभाईंनी वाटी मांडीवर घेतली आणि बोटांनी एकेक वस्तू चाचपली. पुन्हा चाचपली.

“बाई, रोटर कुठं हाय?”

रोटर वाटीत नव्हता. वर्तमानपत्राखाली नव्हता, शेडमध्ये नव्हता, अंगणात, तुळशीच्या कुंडीत, केरात, कुठंही नव्हता. मी म्हटलं उंदरानं नेला असेल. हमीदभाईंनी वाटी मांडीवरून खाली ठेवली.

“उंदरानं नेला आसता तर वाटी पाडली आसती,” ते म्हणाले. “स्क्रू समदे जागच्या जागी हायत. ह्यो उंदीर लई शिस्तीचा दिसतोय.”

मला तेव्हा त्यांच्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. मला फक्त सोमवार दिसत होता. कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथं विचारा असं ते म्हणाले, आणि मिळाला नाही तर मुंबई, म्हणजे पंधरा दिवस. आमच्या घरी फोन नव्हता, दुकानात होता. मी हात धुतले न धुतले आणि तशीच निघाले.

दुकानात हे एका म्हाताऱ्या आजींना गुडघ्याच्या गोळ्या समजावून सांगत होते. सकाळी एक, जेवल्यावर. आजी म्हणाल्या, जेवायच्या आधी का? हे पुन्हा सांगायला लागले. मी काउंटरच्या आत जाऊन फोनची डायरी शोधायला खालचा खण उघडला. डायरी तिथं नव्हती. तिथं कापसाचं पुडकं, जुने बिलबुक आणि गोळ्यांची एक छोटी पांढरी डबी होती. डबीवर चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर ह्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘रोटर, फियाट. ३ मे.’

मी डबी उघडली. कापसावर रोटर ठेवला होता.

आजींना तिसऱ्यांदा समजावून झालं. त्या पायऱ्या उतरून जाईपर्यंत मी उभी राहिले. मग मी डबी काउंटरवर ठेवली.

ह्यांनी डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग पुढे जाऊन शटर अर्धं खाली ओढलं. शनिवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. एवढ्या वर्षांत ह्यांनी हे कधी केलं नव्हतं.

“मी धोंडगावला जायला नकोय ना तुम्हाला?” मी म्हटलं. “मग तोंडानं सांगायचं होतं. मी सात दिवस त्या मोटारीत डोकं घालून बसलेय. तुम्ही सिरिंज आणून देत होता. ती कशाला दिलीत मग?”

“तसं नाही गं.”

“मग कसं?”

हे स्टुलावर बसले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

“कुमुद, मला मोटार चालवता येत नाही.”

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

“कधीच येत नव्हती,” ते म्हणाले.

मग त्यांनी ते सांगितलं. तुला बघायला आलो त्या दिवशी एसटी वाटेत बंद पडली होती, आम्ही दोन तास उशिरा पोचलो. मी अंगणात पाय धूत होतो. तुझा मामा आला आणि विचारलं, गाडी येते का? मला वाटलं, विट्याला एसटी येते का विचारतोय. मी म्हटलं, हो, येते की. सकाळ-संध्याकाळ येते. मामाला सकाळ-संध्याकाळ ऐकू आलं की नाही कुणास ठाऊक. तो आत गेला आणि मोठ्यानं म्हणाला, मुलाला मोटार येते.

“मग तेव्हाच सांगायचं नाही का?”

“सांगणार होतो. तेवढ्यात तू चहा घेऊन आलीस, आणि माझ्याकडं बघून हसलीस. मला वाटलं, मोटार येते ऐकून हसलीस. मग धीर झाला नाही.”

मी तो दिवस आठवला. मला तो लख्ख आठवत होता.

“तुमच्या शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात होतं,” मी म्हटलं. “अख्खा शर्ट वाकडा होता. त्याला हसले मी.”

हे माझ्याकडे बघत राहिले. एकोणीस वर्षं झाली होती आमच्या लग्नाला.

“मामांची मोटार आली तेव्हा मला घाम फुटला,” ते म्हणाले. “रोज पुसायचो आणि विचार करायचो, आज काय कारण सांगू. डिस्ट्रिब्यूटर जाम आहे असं तो मेकॅनिक म्हणाला त्या संध्याकाळी मी मारुतीला नारळ फोडला. आणि शिकायचं तर कुठं? ड्रायव्हिंग स्कूल बसस्टँडसमोर. चौकातून ती एल लावलेली गाडी घेऊन गेलो असतो तर अर्ध्या गावानं विचारलं असतं, अण्णा, तुम्हाला येते ना?”

“पण रोटर?”

“मी परत ठेवणार होतो. तारीख घातलीय बघ. मला दोन दिवस हवे होते, कसं सांगायचं ते ठरवायला. तुझं पत्र आलं त्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी पेढा दिलाय, विचार कुणालाही. तू जावंस असंच वाटतं मला. पण तुला नेणार कोण? मला नेता येत नाही.”

मी हसायला लागले. आधी आवाज न करता, मग काउंटर धरून. बाहेरून कुणीतरी शटर वाजवून अण्णा आहेत का विचारलं, त्यालाही उत्तर देता येईना. हे आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले. आणि हसता हसता एक गोष्ट माझ्या डोक्यात आली, जी गेल्या पंधरा दिवसांत एकदाही आली नव्हती. मी त्या मोटारीच्या वायरी मोजल्या होत्या, नट खोलले होते, तिचा डिस्ट्रिब्यूटर उपसून काढला होता. आणि या सगळ्यात मी स्वतःला बसवलं होतं ते डावीकडच्या सीटवर.

“नेणार कोण म्हणजे?” मी म्हटलं. “मी जाईन.”

डबी घेऊन मी घरी आले. हमीदभाई खुर्चीत पेंगत होते. रोटर सापडला म्हटलं, तर कुठं ते त्यांनी विचारलं नाही. मी त्यांना म्हटलं, हमीदभाई, मोटार मीच चालवायची म्हणते.

“मंग?” ते म्हणाले. “मला वाटलं तुमीच चालवनार हायसा. म्हनून तर तुमाला शिकवाया लागलो.”

डिस्ट्रिब्यूटर बसवणं काढण्यापेक्षा सोपं होतं, असं हमीदभाई म्हणाले. माझा तो अनुभव नाही. खाली उतरताना त्याचे दाते एकमेकांत बसतात आणि बसता बसता तो थोडा फिरतो. माझी लाल रेघ लाल रेघेसमोर येईना. शेवटी आली असं वाटलं म्हणून मी टोपी लावली, वायरी चिठ्ठ्यांप्रमाणे जोडल्या. पेट्रोल नवं, बॅटरी शेजारच्या ट्रॅक्टरची उसनी. किल्ली फिरवायला हे बसले. तेवढं येत होतं. मोटार खाकरली, थरथरली आणि कार्ब्युरेटरमधून असा बार उडाला की सोनारीणबाई गॅलरीत येऊन विचारू लागल्या, दिवाळी कुणाची. हे किल्ली सोडून दाराबाहेर उडी मारून उभे.

“एक दात चुकलाय,” हमीदभाई खुर्चीतून म्हणाले. “दुसऱ्याच्या पानात वाढतोय त्यो. वर काडा, पुन्यांदा.”

पुन्हा काढला. आता तो लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. पुन्हा सोडला, एक दात मागे. रेघेला रेघ भिडली. ह्यांनी लांबूनच, दारातून हात घालून किल्ली फिरवली. मोटार एकदा कण्हली, दोनदा कण्हली आणि सुरू झाली. शेडचा पत्रा थडथडायला लागला. सहा वर्षांची धूळ त्यावरून खाली पडली, आमच्या दोघांच्या डोक्यावर. हमीदभाईंनी मान तिरकी करून आवाज ऐकला, मला डिस्ट्रिब्यूटर हातानं किंचित फिरवायला लावला, आणखी किंचित, आणि आवाज गोल झाला तिथं थांबवून बोल्ट आवळायला सांगितला.

सोमवारी मी होकाराचं पत्र दिलं.

शिकले मी मार्केट यार्डाच्या मोकळ्या जागेत, सकाळी सहा ते सात. शेजारी हमीदभाई. त्यांना लांबचं धूसर दिसायचं, त्यामुळे ते निर्धास्त असायचे. ह्यांनीही एकदा प्रयत्न केला. क्लच सोडला आणि मोटार बेडकासारखी उडी मारून कांद्याच्या पोत्यांच्या थप्पीत गेली. कांद्यांना काही झालं नाही, पण हे उतरले ते पुन्हा त्या बाजूला बसले नाहीत. लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं, हे आम्ही दोघांनी ठरवलं. मीच सुचवलं की तुमची कंबर धरते म्हणून सांगू, डॉक्टरांनी मोटार चालवायला मनाई केलीय. ह्यांनी मान डोलावली. मलाही बरं वाटलं. एकोणीस वर्षं सांभाळलेलं गुपित असं एका दिवसात चव्हाट्यावर कशाला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझं पक्कं लायसन्स आलं आणि पुढच्या आठवड्यात शाळा उघडली. पहिल्या दिवशी हे बरोबर आले. दुकान त्या दिवशी उशिरा उघडेल अशी पाटी सुवाच्य अक्षरात लावून, तारखेसकट. त्या चढावर, जिथं मी लूना ढकलायचे, तिथं मी गिअर बदलला, मोटार कुरकुरली आणि चढली. हे दाराची कडी घट्ट धरून बसले होते, पण तोंडानं छान, छान म्हणत होते.

मी मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले, हजेरीपटावर सही केली, शिक्षकांशी ओळखी झाल्या. ह्यांना परत जायला दोनची एसटी होती, तोवर हे कडुलिंबाखाली बसून राहिले. पुढे काय झालं ते ह्यांनी मला सांगितलं नाही. ते मला त्या एसटीचे कंडक्टर पोळ यांनी सांगितलं, पुढं कितीतरी दिवसांनी, दुकानात औषध घेताना.

एसटी भरलेली होती. विट्याचे निम्मे चेहरे ओळखीचे. पोळांनी तिकीट फाडताना विचारलं, अण्णा, इकडं कुणीकडं? हे म्हणाले, बायकोला सोडायला आलो होतो, हेडबाई झालीय इथं. कशानं आलात? मोटारीनं. मग मोटार कुठाय? ती तिथंच आहे, शाळेत. बंद पडली का, असं मागच्या सीटवरच्या कुणीतरी विचारलं.

“बंद नाही,” हे म्हणाले. पोळ सांगत होते की अण्णा उभे होते, वरचा दांडा धरून, आणि त्यांनी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं. “मोटार चांगली चालते. मला चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. तिला येते. तिनंच दुरुस्त केली आणि तीच चालवते.”

मग एका म्हातारीनं सरकून अण्णांना बसायला जागा दिली.

यातलं मला त्या संध्याकाळी काहीच ठाऊक नव्हतं. साडेसहाला मी मोटार बाजारपेठेत शिरवली तेव्हा मला एवढंच दिसलं की दुकानाच्या पायऱ्यांवर आठदहा माणसं उभी आहेत आणि माझ्याकडे बघताहेत. कमरेची गोष्ट मी मनात घोळवत आले होते, कुणी विचारलं तर पटकन सांगता यावी म्हणून. मोटार थांबवली. कुणी काही विचारलं नाही. गिऱ्हाईक तसंच सोडून हे काउंटरमागून बाहेर आले, पायऱ्या उतरले, मोटारीला पुढून पूर्ण वळसा घातला आणि माझ्या बाजूचं दार उघडलं.